ठिगळाच्या बादल्या

प्लास्टिक वितळवायच्या मशीनवर मी तीन वर्षं उभा होतो, म्हणून कौशल्याबाईची गोष्ट मलेच सांगावी लागते. दुसरं कोण सांगन? साहेबाच्या अहवालात तर तिचं नावही नाही.

ब्याऐंशी सालची गोष्ट. जवाहरनगरच्या रस्त्यावर एका जुन्या शेडमध्ये सरकारी पैशातून प्रयोग सुरू झाला. फुटक्या बादल्या वितळवून नव्या करायच्या, त्या फुटल्या की पुन्हा नव्या. तिसऱ्या फेरीतल्या बादलीतही पाणी टिकलं, तर प्लास्टिकचा कचरा म्हणून काही उरणारच नाही, असं प्रयोग चालवणारे वासुदेवराव साहेब सांगत. माणूस चांगला, पण बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

आंधळगावची कौशल्याबाई तिथं रोजंदारीवर माल निवडे. प्रयोग पास झाला की तिले कायम करू, असा साहेबाचा शब्द होता. तिचा नवरा अंथरुणाले खिळलेला. त्या एका शब्दावर ती रोज दोन बसा बदलून ये.

काम काय, तर तापलेली सुई मालाले टोचायची अन् धूर हुंगायचा. विझलेल्या मेणबत्तीचा वास आला तर ते बादलीचं प्लास्टिक, नाक झोंबलं तर चपलेचं. दोन्ही एका भट्टीत गेले की चपलेचं आधी जळते अन् साऱ्या मालाची माती करते.

अन् इथंच आमचं कपाळ फुटलं. फुटकं भांडं कोणाले देऊ नये, ही आमच्याकडची रीत. मग सरकारले तरी कसं द्यावं? गावच्या बाया चुलीत विळा लाल करत, जुन्या चपलेचा तुकडा वितळवून भोकावर ठिगळ लावत, अन् घासूनपुसून बादली आमच्या हवाली करत. कौशल्याबाई आसगावले समजवायले गेली, फुटक्याच द्या म्हणून. तिथं सुशीलाबाई नावाच्या म्हातारीनं तिले पाणी दिलं अन् विचारलं, तू देशीन का कोणाले फुटकी बादली?  कौशल्याबाईनंही जन्मभर सांधूनच दिलं होतं.

परत येऊन ती ठिगळं कापत बसली. सुई, धूर. सुई, धूर. मी चिडून म्हणे, बाई, तोंडाले रुमाल तरी बांधा. ती म्हणे, रुमाल बांधून हुंगू कशी, बावळ्या?

दुसऱ्या फेरीच्या निळ्या बादल्या साहेबानं गावांतच वापरायले वाटल्या. वर्षानं त्या परत आल्या, अर्थात सांधूनच. बायांचा हात आता असा बसला होता की निळ्यावरचं निळं ठिगळ डोळ्याले दिसेना. सारी भिस्त कौशल्याबाईच्या नाकावर. तिनं पंधरा दिवस मान वर केली नाही, तेव्हा कुठं माल तयार झाला.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये नागपूरचे साहेब लोक तिसऱ्या फेरीची बादली पाहायले आले. मी मशीन सुरू केली. थोड्या वेळानं जळक्या चपलेचा वास सुटला, सारे नाक दाबून दाराकडं पळाले. कौशल्याबाई मात्र भट्टीजवळच शांत बसून होती. तिले पत्ताच नव्हता. 

बादली निघाली ती काळ्या दाण्यांची. पाणी भरलं तर तीन जागी गळली. वासुदेवराव साहेबांनी विचारलं, माल कोणी निवडला? मी मधेच बोललो की मशीनच जास्त तापली होती.

"टेकचंद खोटं बोलून राहिला, साहेब," कौशल्याबाई म्हणाली. "मले दिवाळीपासून कशाचाच वास येऊन नाही राहिला. काम जाईन म्हणून मी बोलली नाही."

नागपूरवाले घड्याळ पाहत राहिले. वासुदेवराव साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"मी मशीनचा दोष लिहितो, बाई," ते म्हणाले. "मशीन नवी मागता येते. तुमच्यासाठी काय मागू?"

रागावून बोलले असते तर मी भांडलो असतो. पण तो माणूस थकून बोलला. मले फार वाईट वाटलं, तिचं अन् त्याचंही.

नवी मशीन मंजूर झाली. सरकारी काम असूनही सहा महिन्यांत आली. त्या दिवशीच काम सुटलेल्या कौशल्याबाईले मात्र कोणी परत बोलावलं नाही.

पावसाळा सरल्यावर मी आंधळगावले गेलो. नवरा तसाच पडून होता. तिनं मले खाटेवर बसवलं, शेडची खबरबात विचारली, अन् बोलता बोलता चुलीवर चहा केला. दूध खाली लागून पार करपलं होतं. वास ओसरीपर्यंत येऊन राहिला होता. तिनं कप माझ्या हातात दिला अन् समोर बसली.

"चांगला झाला ना?" तिनं विचारलं.

चांगला झाला, म्हटलं, अन् सारा पिऊन टाकला.