युनिट बंद पडलं त्या दुपारी

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी जेवण झालं की मोबाइलवर ग्रिडचं पान उघडायची माझी खोड गेलेली नाही. कुठल्या केंद्रातून किती वीज येतेय, ते तिथे दिसतं. सगळी नोकरी इंदूरच्या वीज कंट्रोल रूममध्ये गेली. शेजारी क्रिकेटचा स्कोअर बघतात, मी हा बघतो. बायको चिडते. चिडू दे.

दोन वर्षांपूर्वी माझी लेक एका सरोवराकाठच्या अणुवीज केंद्रात नोकरीला लागली. जाताना घाबरली होती. मी तज्ज्ञाचा आव आणून म्हणालो, "अगं, ढग आले की सोलर गेलं, वारा पडला की पवनचक्क्या गेल्या. तुझं केंद्र मात्र रात्रंदिवस एकसारखी वीज देतं. त्याच्या भरवशावर आम्ही बाकीचा हिशोब लावायचो. घाबरायचं काय त्यात?" ते केंद्र मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

त्या दुपारी तिच्या युनिटच्या, म्हणजे तिच्या अणुभट्टीच्या, नावासमोर शून्य होतं.

पान पुन्हा उघडलं. शून्यच. ठरवून बंद केलं असतं तर आकडा हळूहळू उतरला असता. हे एकदम पडलं होतं. तिथे मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो हे माहीत असूनही मी तिला फोन लावला. बंद होता. मग इतक्या वर्षांचं सगळं ज्ञान मला खायला उठलं. अणुभट्टी बंद झाली तरी आतलं इंधन तापतच राहतं. ते थंड ठेवायला पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि आपलंच युनिट बंद असताना ती वीज बाहेरून, ग्रिडमधून घ्यावी लागते. बाहेरची लाइनच गेली असेल तर? अशा वेळेसाठी डिझेल जनरेटर असतात, हेही मला ठाऊक होतं. पण ते सुरू झाले की नाही, हे त्या पानावर दिसत नाही.

"काय झालं? चेहरा का असा?" बायकोने विचारलं.

"नेटवर्क नाहीये," मी खेकसलो आणि गच्चीवर गेलो.

तिथून कंट्रोल रूममधल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. गडी खुशीत होता. "अहो साहेब, एकदम बढिया सांभाळलं आज! लाइन में फॉल्ट था, त्यांचं युनिट ट्रिप झालं. आम्ही लगेच हायड्रो वाढवून घेतलं. तुमच्या विजय नगरात तर पंखासुद्धा स्लो झाला नसेल."

"आणि तिकडे?"

"तिकडे क्या, भिया? तेवढे मेगावॉट आले ना दुसरीकडून. बात खतम."

मला त्याचा संताप आला. फोन ठेवल्यावर स्वतःची लाज वाटली. मीही जन्मभर हेच केलं होतं. शून्य दिसलं की तेवढी वीज कुठून आणायची, एवढंच बघायचं. त्या शून्यापाशी कुणाची पोरगी बसली असेल, हे एकदाही मनात आलं नाही. फोनवर लेकीबद्दल त्याला विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण जीभ रेटली नाही. आमच्या कामात असं कुणी विचारत नसे.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, सब ठीक. युनिट आपोआप बंद झालं, पंप डिझेलवर आले. जसं व्हायला पाहिजे तसंच झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी खूप घाबरले होते. म्हटलं, बाबांनी इतकी वर्षं असल्या ट्रिपिंग बघितल्या, त्यांना कधी डर नाही वाटला. तेच धरून बसले होते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुपारपासून छातीत दाबून ठेवलेलं बाहेर पडलंच. "मीपण घाबरलो होतो गं," मी म्हणालो. "फार घाबरलो."

तिच्या मागे बसचा आवाज येत होता.

"परवा युनिट परत सुरू करायचंय," ती अगदी हळू म्हणाली. "माझीच ड्यूटी आहे. आता कशी जाऊ मी, बाबा?"