काकांची फाइल

कुलरला लावलेल्या नव्या खसाचा, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा वास आला की मला भिलाईतल्या आमच्या कोहक्याच्या घरातली एक दुपार आठवते. तिथल्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाल्यावर बाबा भंडाऱ्याहून भिलाईला आल्याच्या आठवणी कॉम्प्युटरवर टाइप करत. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्याने ऑफिसात कोड ठेवतो तशा त्यांच्या फाइली व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवल्या होत्या. म्हणजे काहीही बदललं, काढलं, तरी जुनं जपून राही. शेताच्या वाटणीवरून धाकट्या काकांशी बोलणं तुटलं, तेव्हा बाबांनी त्यांच्यावरची अख्खी फाइलच काढून टाकली होती. पुढे काका गेले. त्यांची तेरवी आटोपून आम्ही परतलो त्या दुपारी बाबा कुलरसमोर बसून होते. मग हळूच म्हणाले, "बेटा, ते काढलेलं आता भेटन का?" मी जुन्या नोंदीतून फाइल परत आणली. एकाच सायकलवर दोघं भाऊ प्लांटात जायचे, तिथपर्यंत त्यांनी वाचलं आणि चष्मा पुसला. फाइल पुन्हा जतन करताना मी म्हटलं, "बाबा, बदल कावून केला ते एका ओळीत लिहावं लागते. काय लिहू?" ते म्हणाले, "लिही, माह्या भावाची फाइल हाय, आता कोणी काढू नका." मी तसंच लिहिलं. आता बाबाही नाहीत. मागच्या महिन्यात काकांच्या मुलीला मी त्या फाइलींत लिहायची परवानगी दिली, आणि बाबांनी चुकीचं लिहिलेलं तिच्या आईचं माहेर तिने सगळ्यात आधी दुरुस्त केलं.