वर तांदूळ, खाली कणी
नव्या इंद्रायणी तांदळाचा वास आला की आमच्या चर्चमधला एक कापणीचा सण आठवतो. देहूरोडच्या कारखान्यात डबल ड्यूटी करून मी पार गळून आलो होतो, तरी खाली कणी आणि वर चांगला तांदूळ रचलेली अर्पणाची पिशवी मोठ्या ऐटीत वेदीपुढे ठेवली. प्रीतिभोजनाच्या स्वयंपाकाला बसलेल्या चर्चमधल्या एका मावशीने ती सगळ्यांसमोर परातीत ओतली. आता अब्रू जाणार, म्हणून मी खांबाआड सरकलो. मावशी म्हणाली, "बरं झालं, म्हाताऱ्यास्नी कणीची पेज हुईल. तू बस, लय दमलास." तिने स्वतःच्या शेतातला सगळा तांदूळ अर्पण केला होता, त्याचा पहिला भात मलाच वाढला. मी दोनदा मागून घेतला. अजूनही अर्पणाची पिशवी भरताना हात आधी कणीकडे जातो, आणि तो मागे ओढता ओढता मी थकतो.