काचेवरची माफी

गल्लीच्या तोंडाशी केस कापणारा जो आहे ना, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, आणि त्यात कुणाची काही चूक नाही. कात्री हातात आली की याची जीभ सुटते. गिऱ्हाइकाने फक्त मान वाकडी करून ऐकायचं.

असंच एकदा, कुणाच्या तरी गालावर फेस थापताना, तो समोरच्या किल्लीवाल्याबद्दल बोलून गेला. "अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या त्याच्या हातून जातात. एकेक जास्तीची काढून ठेवत असेल, काय सांगावं." किल्लीवाला म्हणजे याचा लहानपणापासूनचा मित्र. गंमत होती हो नुसती. पण त्याच आठवड्यात मागच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली आणि गमतीला पाय फुटले. किल्लीवाल्याच्या टपरीकडे माणूस फिरकेना. आणि एक दिवस रेडिओच्या हातात वकिलाची नोटीस पडली. अब्रुनुकसानीची.

त्याची बोबडीच वळली. दाढीला येणाऱ्या वकीलसाहेबांना त्याने खुर्चीतच गाठलं. गळ्याशी वस्तरा असल्यामुळे साहेब जपून जपून बोलले. तोंडाने केलेली बदनामी हा एक प्रकार, लिहून-छापून केलेली हा दुसरा. लिहिलेलं टिकतं, म्हणून कुठे कुठे ते जास्त जड धरतात. पण दोन्हींत ते तिसऱ्या माणसाच्या कानावर पडावं किंवा डोळ्यांखालून जावं लागतं. किल्लीवाल्याला एकट्याला गाठून शिव्या घातल्या असत्यास, तर ही बदनामी झाली नसती.

रेडिओचं डोकं गरगरायला लागलं. शिव्या घातल्या तर ठीक, आणि गंमत केली तर कोर्ट? बरं, आता तर अख्खी गल्ली तेच बोलते, मग मी एकटाच कसा? साहेब म्हणाले, ऐकलेलं पुढे सांगणाराही सुटत नाही, पण म्हणून पहिला मोकळा होत नाही. बोललेलं खरं होतं असं दाखवता आलं, तर बचाव होतो. पण मित्राला चोर ठरवून सुटायचं का? रेडिओने मान हलवली. कळलं मात्र काहीच नाही.

ध्यानात राहिलं ते एवढंच, की तोंडी हलकं आणि लेखी जड. मग माफीही लेखीच असली पाहिजे, असं त्याने आपलं ठरवलं आणि दुकानाच्या काचेवर लाल रंगाने हे एवढं मोठं लिहून टाकलं: 'समोरचा किल्लीवाला लोकांच्या जास्तीच्या किल्ल्या ठेवत नाही. मी उगाच बोललो. माफी असावी.'

ज्यांना या प्रकरणाचा पत्ताच नव्हता, तेही आता थांबून वाचायला लागले. एक बाई वाचता वाचता समोर बघून पर्स घट्ट धरून निघून गेली. साहेबांनी कपाळाला हात लावला. आत्तापर्यंत नुसतं बोलणं होतं, म्हणाले, आता लिहूनही दिलंस, आधी पूस ते. पुसता पुसता रेडिओला रडू आलं. बोललं तर बदनामी, माफी मागितली तरी बदनामी. शेवटी कायदाबियदा गुंडाळून ठेवला आणि तो सरळ रस्ता ओलांडून गेला.

किल्लीवाला एकटाच एका किल्लीवर कानस घासत बसला होता. रेडिओ त्याच्या पाया पडायच्याच बेतात होता. गंमत केली, मनात तसं काही नव्हतं, तुझ्यावर मी कधीच संशय घेतला नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "बोललास त्याचं एवढं नाही रे. तुझी जीभ मला ठाऊक आहे. पण शटरचं कुलूप का बदललंस?"

चोरीनंतर एका गिऱ्हाइकाने रेडिओच्या कानात सांगितलं होतं, किल्लीवाल्याकडे म्हणे सगळ्यांच्या जास्तीच्या किल्ल्या आहेत. ही आपलीच गंमत फिरून आली, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तो घाबरला होता, आणि लांबच्या बाजारात जाऊन नवं कुलूप घेऊन आला होता.

"नोटीस मी ते बघून पाठवली," किल्लीवाला म्हणाला, आणि त्याने कानस पुन्हा हातात घेतली.