धारांच्या वेळेला सारिका

त्या दिवशी सारिकाचं नाव माझ्या मोबाइलवर तीनदा उमटलं. संध्याकाळचे पाच वाजत आले होते, मी गोठ्यात गाईच्या कासेला मशीन लावत होतो. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा नाव पाहिलं आणि वाजू दिला. दुसऱ्यांदाही. आठ दिवसांपूर्वी आमच्यात जे झालं होतं त्यावरून ती मला फैलावर घेणार असं वाटलं, आणि चूक माझीच असल्यामुळे ते मला नको होतं. तिसऱ्यांदा उचलला तर आवाज तिचा नव्हता. तिच्या बारामतीच्या खोलीच्या मालकीण काकू होत्या. म्हणाल्या, "पोरीनं ताप अंगावर काढला हो... दवाखान्यात आणलीय. तुमी निघा." आमच्या गावाहून, डाळजहून, मी बारामतीत पोहोचलो तोवर ती गेली होती. आता दीड महिना झाला. पहिले दोन फोन काकूंनी केले होते की तिने, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

सारिका माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. बारामतीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आमच्या घरी नऊ जर्सी गाई, सगळा संसार दुधावर, आणि तीन-चार वर्षांपूर्वी एका सुट्टीत येऊन ही म्हणाली, मला चहा कोरा दे. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आमच्या दुधानं काय पाप केलं ते तरी सांग!" सारिका आईशी वाद घालायची नाही. तिने वाद घालायला दुसरी जागा शोधली. मोबाइल उभा करून लाइव्ह बसायची, समोर जो शेतकरी जोडला जाईल त्याच्याशी बोलायची. पहिल्याच दिवशी तिने दूधदुभतंही न खाणाऱ्यांसाठीचा 'व्हीगन' हा शब्द वापरला आणि पलीकडून एक आबा म्हणाले, "भिगवण झालीस म्हंजी? मग मासं तरी खा की!" भिगवण म्हणजे आमच्याकडचं माशांचं गाव. ती इतकी हसली की मोबाइल आडवा पडला. तो शब्द तिने परत वापरला नाही. 'मी दूध सोडलेली' असं म्हणायची, माहेर सोडल्यासारखं.

वेळ धरली होती संध्याकाळी पाचची. मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, "अगं, पाचला अख्खा तालुका गाईखाली बसलेला असतो, तुला बघणार कोण?" ती म्हणाली, "म्हणून तर पाच. हात गुंतलेले असतात, बंद कोण करतंय?" आणि तसंच झालं. गव्हाणीच्या कडेला मोबाइल ठेवून लोक तिला ऐकायला लागले. पुष्कळसे शिव्या द्यायलाच यायचे. "दुधावर वाढलीस न् दुधावरच उलटलीस व्हय?" असं कोणी म्हटलं की ती शांतपणे म्हणायची, "व्हय काका, वाढले. तुमच्या गोठ्यात खोंड कुठाय, तेवढं दाखवा की." ज्याच्या घरी गाई आहेत त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कालवड झाली की पेढे वाटायचे. खोंड झाला की आठवडाभरात त्याची खुंटी रिकामी होते. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम उरलेलं नाही, आणि तो कुठे गेला हे विचारायची आमच्याकडे रीत नाही. तिने विचारलं की समोरचा गप्प व्हायचा. ती शांतता सारिका कधीच भरून काढायची नाही... मशीनची टक-टक तेवढी ऐकू यायची. कोऱ्हाळे बुद्रुकचा एक जण दावणीवरून तावातावाने मोबाइल फिरवत होता, तो एका मोकळ्या खुंटीपाशी थांबला. बराच वेळ नुसती खुंटी दिसत राहिली. मग म्हणाला, "ताई, उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी तो खरंच आला.

माझं मात्र डोकं फिरायचं. दूध घालायला गेलो की केंद्रावर लोक विचारायचे, "काय दादा, गाईचं हाय का सोयाबीनचं?" मी खोटं नाव घेऊन तिच्या लाइव्हमध्ये जायला लागलो. 'इंदापूरचा वाघ'! नावात वाघ, आणि काम लपून बसायचं. तरी इथवर ठीक होतं. पुढचं सांगायला मात्र मागे जावं लागेल. सारिका दहा वर्षांची असताना आमच्या कपिलेचं वासरू मेलं. वासराशिवाय गाय पान्हा सोडेना. वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, जुन्या रीतीप्रमाणे त्याच वासराच्या कातड्यात पेंढा भरून घेतला, पायांच्या जागी काठ्या. ते गाईपुढे धरून जरा हलवायचं. गाय चाटायची, पान्हा सोडायची, तात्या धार काढायचे. धरायचं काम सारिकाकडे होतं. तिने त्या पेंढ्याच्या वासराचं नाव सोन्या ठेवलं होतं. एकदा तिने विचारलं, "तात्या, तिला कळत न्हाय का, ह्यात काय न्हाय ते?" धार न थांबवता तात्या म्हणाले, "कळतं की. पर चाटायला काय तरी लागतंच."

त्या फोनच्या आठ दिवस आधी, सकाळी केंद्रावर कोणीतरी परत टोमणा मारला होता. पाचला त्याच रागात मी लाइव्ह उघडला आणि लिहिलं, 'ताई, दुसऱ्याला काय विचारता? सोन्याला धरून त्याच्या आईचं दूध कोण काढू देत होतं? विसरलीस व्हय?' पाठवल्यावर लक्षात आलं. सोन्या हे नाव आमच्या घरातल्या चार माणसांपलीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यातले तात्या आता नाहीत. तिचं हसं करायला गेलो आणि आपलाच बुरखा फाडून बसलो. ती सगळे प्रश्न मोठ्याने वाचायची. हाही वाचला, सोन्यापर्यंत आली आणि थांबली. "विसरले न्हाय," ती म्हणाली. "त्याच्यापायीच तर बसते हितं रोज... दादा, तू हायस ना? बोल. मी थांबते." आणि मोबाइलकडे बघत राहिली. मी मोबाइल उपडा केला आणि चारा टाकायला गेलो. तो तिचा शेवटचा लाइव्ह. नंतर तिला ताप आला, हे मला काकूंच्या फोनवरूनच कळलं.

दहाव्याला लोक आमच्या तोंडावर म्हणाले, "दूध सोडलं न् गेली." मला कोणाचा राग आला नाही, तेवढी ताकदच नव्हती. पिंडावर दही घालायला एकाने हात पुढे केला तेव्हा आईने तो धरला. चार वर्षं कोऱ्या चहावरून तिच्याशी भांडलेली आई म्हणाली, "नगा घालू. तिला चालत न्हाय." मी तिथे पहिल्यांदा रडलो.

त्या लाइव्हचं रेकॉर्डिंग अजून मोबाइलवर आहे. पाच वाजले की आई गोठ्यात येते, बादली उपडी करून बसते आणि म्हणते, "लाव." मी मोबाइल गव्हाणीच्या कडेला उभा करतो. सारिका माझा प्रश्न वाचते, सोन्यापाशी थांबते, म्हणते, "बोल. मी थांबते." मग काहीच नाही. त्या वेळात आमच्या गोठ्यात कोणी हालत नाही. गेल्या आठवड्यात एक गाय व्याली. खोंड झाला. व्यापाऱ्याला मी नंतर ये म्हणून सांगितलंय. खरं सांगायचं तर पुढे काय करणार ते मलाही माहीत नाही, पण आज तरी तो शेवटच्या खुंटीला बांधलेला आहे. तेवढंच तिला सांगायचं आहे, "सारिके, खोंड हितं हाय." रोज ठरवतो. पण मी तोंड उघडतो तोवर ती खाली बघून दुसऱ्याच कोणाचं तरी नाव वाचायला लागते. आई पुढे होऊन काचेवरून पदर फिरवते, एकदा, दोनदा, धूळ नसली तरी. मी मोबाइल उचलायला हात घालतो.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणते. "परत लाव."