खड्डा न खणणारा मुंगीसिंह

९ फेब्रुवारी, सकाळी ०६:३०. आगरदांड्याच्या उत्तरेला, सुरूच्या बनातला कॅम्प. हजर: मी (क्वार्टर मास्टर हवालदार), नाईक म्हात्रे (इथलाच), शिपाई गुरव. पाहुण्या: लिमये मॅडम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात.

मुंगीसिंह म्हणजे वाळूत मुंग्या धरणारी अळी. पुढे तिला चतुरासारखे पंख फुटतात. मॅडमना यातला सेंट्रोक्लिसिस हा दुर्मीळ प्रकार जिवंत हवा होता. दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या मैदानावर ट्रॅक्टर फिरणार होते. त्यांना युनिटच्या सीओसाहेबांनी एकच सकाळ दिली होती.

मुंगीसिंहाचे नरसाळ्यासारखे खड्डे मला ठाऊक होते. मी ऑर्डर दिली, "प्रत्येक खड्ड्याभोवती चुना लावलेले दगड. बाकी वाळूवर दाताळं फिरवा."

०९:०० ला तेवीस खड्डे पांढऱ्या दगडांत, एक कोपरा सोडून बाकी मैदान सपाट. मॅडम आल्या आणि मटकन खाली बसल्या.

"हे साधे हो. माझा खड्डा करतच नाही. तुम्ही सपाट केलंत ना, तिथेच असतो तो."

चूक माझी होती. मी लंगरमधल्या पिठाच्या चाळण्या मागवल्या. उरलेला कोपरा आम्ही पोटावर पडून चाळला.

१०:२० ला म्हात्रे ओरडला, "उस्ताद, गावला!"

बोटाच्या पेराएवढा, वाळूच्याच रंगाचा, जबडे उघडे. साधे मुंगीसिंह फक्त मागे सरकतात. हा वाळूखालून पुढेही धावतो. पण आता अजिबात हलेना.

"अँबुशला बसलाय," म्हात्रे म्हणाला. "गुरव, शिक जरा. तुला बसवला की खोकतोस."

मॅडम हसल्या. "महिनोन् महिने उपाशी राहतो. आणि पंख फुटेपर्यंत विष्ठाही टाकत नाही."

"म्हणजे लॅट्रिन धुवायची फटिग माफ!" गुरव म्हणाला.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतका शिस्तीचा जवान मी पाहिला नाही.

मॅडमनी तो वाढवला. त्याने रेशीम आणि वाळूचा गोल कोश विणला, पण बाहेर आला नाही. पंखवाला मिळाल्याशिवाय नेमकी जात ठरत नाही. कोशाच्या डबीवर मॅडमनी लिहिलं आहे: 'शोधला: नाईक म्हात्रे.' जातीची जागा कोरी आहे.

पुढच्या हिवाळ्यात म्हात्रे उत्तरेला पेट्रोलवर असताना हिमकडा कोसळून गेला. डबीवरचं नाव त्याने पाहिलं नाही.

मी आता रिटायर आहे. दर रविवारी चाळणी घेऊन त्या बनात जातो, आणखी एक मिळतो का बघायला. बनाचा दक्षिण भाग झाला. खाडीपर्यंतचा पट्टा चाळायचा बाकी आहे.