रेघेच्या जाडीतला माड

"साखळी सोडू नको! सखाराम, प्राण सोड, पण साखळी सोडू नको!"

मी ओरडत होतो. छातीभर पाण्यात उभा होतो, डोक्यावर सरकारी नकाशाची गुंडाळी धरली होती, आणि माझा आवाज तळेऱ्याच्या तिठ्यापर्यंत गेला असणार. माझ्यापासून तेहतीस फुटांवर आमचा चेनमन सखाराम, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा शिपाई, गळ्यापर्यंत बुडालेला. डावीकडे एक होडी, उजवीकडे एक होडी. डावीत दाजी, उजवीत त्यांचे धाकटे भाऊ बाबी. दोघेही सत्तरी ओलांडलेले आणि दोघेही एकमेकांकडे पाठ करून बसलेले. हलत्या होडीत अशी पाठ टिकवायला कसब लागतं. त्यांना बावीस वर्षांचा सराव होता.

सरकारी मोजणीदार समुद्रात काय करत होता, ते सांगतो.

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-दोन वर्षं झाली होती. मी मोजणीच्या ऑफिसात सर्व्हेअर. लोक मोजणीदार म्हणत. ज्याच्या विरुद्ध मोजणी जाई, तो आणखी बरंच काही म्हणे. एका सकाळी दाजी आले आणि त्यांनी साहेबांपुढे अर्ज ठेवला: हद्द कायम करून मिळण्याबाबत. म्हणजे दोन जमिनींमधली सीमा जुन्या कागदावरून शोधायची आणि तिथे खूण रोवून द्यायची. साहेब देशावरचे, नवीन. त्यांनी सातबारा पाहिला. एकवीस माड. नकाशा पाहिला. मग मला विचारलं, "ही जमीन आहे कुठे?"

"होती, साहेब," मी म्हणालो.

मसुऱ्यावरून येणारी खाडी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर या भावांची बाग होती. खाडीने तोंड फिरवलं आणि बाग दर पावसाळ्यात थोडी थोडी पाण्यात गेली. शेवटचा माड पडून आठ-नऊ वर्षं झाली होती. कागदावरचे माड मात्र पडले नव्हते. ते दर वर्षी हिरवेगार, उभे.

साहेब म्हणाले, अर्ज फेटाळा. त्यावर दाजींनी घोटीव ऑफिसी मराठीत विचारलं, की जमीन बुडाल्यास मोजणी करू नये असा नियम आहे काय? साहेबांनी नियमांचं पुस्तक दुपारपर्यंत चाळलं. असा नियम नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्यांना असा माणूस भेटला नसावा. "मोजा," साहेब म्हणाले, आणि डोकं धरून बसले.

बाहेर आल्यावर मी दाजींना विचारलं, कशासाठी हा खटाटोप? तेव्हा त्यांनी सांगितलं.

बापाने वाटणी करून दिली, मध्ये बांध. बांधावर एक माड. दाजी म्हणत तो माझ्या अंगाला, बाबी म्हणत माझ्या. गावाने बसवून पाहिलं, जमलं नाही. शेवटी दाजींनी देवळाच्या पायरीवर हात ठेवून आण घेतली, की माड माझा. बाबींनी त्याच दिवशी चूल वेगळी केली आणि खाडीपलीकडे बिऱ्हाड मांडलं. तेव्हापासून शब्द नाही.

"पण दाजीनू, आता माड नाय, जमीनय नाय," मी म्हणालो.

"जमीन गेली, पण मी घेतलेली आण ऱ्हवली मां," दाजी म्हणाले. "ती खोटी असली तर जावच्या आदी माका कळाक व्हया."

मोजणीला लगतच्या जमीनधारकाला नोटीस द्यावी लागते. तीही पाण्याखालच्या जमिनीच्या शेजाऱ्याला. बावीस वर्षांत जे देवाला, गावाला, बायकामुलांना जमलं नाही, ते त्या चिठोऱ्याने केलं. मोजणीच्या दिवशी बाबी हजर. वेगळ्या होडीत, पण हजर.

काम असं असतं. किनाऱ्यावर तीन पायांचं टेबल मांडायचं, त्यावर नकाशा. देवळाचा कळस, टेकडीवरचा सर्व्हेचा दगड आणि खाडीपलीकडचा क्रूस या तीन न हलणाऱ्या वस्तूंवर नजर लावून आपण नकाशात कुठे उभे आहोत ते काढायचं. तिथून पुढे साखळी. आमच्या धंद्यात तेहतीस फुटांची एक साखळी आणि तिचे सोळा आणे. जुन्या टिपणात लिहिलं होतं, बांध इथून चार साखळ्या अकरा आणे. दिशा: सरळ समुद्रात.

ओहोटी होती. दुसऱ्या साखळीला माझ्या पायांखालून एक वागळी गेली. चपटा मासा, पण इतका पसरलेला, की तिचे पोटहिस्से पाडावे लागले असते. तिसऱ्या साखळीनंतर वारा पडला. पाणी काचेसारखं झालं. खाली पांढरी वाळू, वाळूवर आमच्या सावल्या, आणि मधेच चिऱ्याची एक पायरी. बागेतल्या कुठल्या तरी घाटीची, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेची असणार. एके काळी तिच्यावरून माणसं वर जात असतील. आता तिच्यावरून बारीक मासे जात होते, अगदी ओळखीच्या वाटेने जावं तसे. मला क्षणभर वाटलं, आपण पाण्यात नाहीच, आपल्या डोक्यावर माडांच्या झावळ्या हलताहेत आणि समुद्र म्हणजे दुपारची सावली आहे. सखारामालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याच्या हातातून साखळी सुटू लागली. तेव्हा मी ओरडलो, ते वर सांगितलंच.

अकराव्या आण्यावर सखारामने वेळू रोवला. दोन्ही होड्या दोन बाजूंनी वेळूला टेकल्या. दाजींनी वेळू धरला. आण घेताना देवळाच्या पायरीवर ठेवलेला, तोच हात.

"कोणाच्या बाजूक?" त्यांनी विचारलं.

मी नकाशा होडीच्या काठावर उघडला. खरं सांगायचं, तर खोटं बोलायची माझी तयारी होती. मला ते बरं जमतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. दाजींना सांगायचं, माड तुमचा, आण खरी. बाबींना मागाहून सांगायचं, कागद तुमच्या बाजूचा आहे, पण म्हाताऱ्याला दुखवू नका. दोघेही खूश. पण तो हात पाहिला आणि जीभ वळेना.

मी सांगितलं, की नकाशावरची हद्दीची रेघ पेन्सिलीच्या टोकाएवढी जाड आहे. ती रेघ इथे पाण्यावर अंथरली तर चार हात रुंद होते. माडाचा बुंधा एक हात. तो रेघेच्या आत कुठेही असू शकतो. अलीकडे की पलीकडे, हे मला सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही.

बावीस वर्षं ज्याच्यावर दोन माणसं भांडली, ते सगळं पेन्सिलीच्या रेघेत मावत होतं.

वेळूवरचा हात सुटला. मग दाजी वळले. पाठ वळली, आधी खांदे, मग मान, एखादं जुनं दार उघडावं तसं.

"बाबी," ते म्हणाले. "आण घेतलंय तेवाय माका खात्री नाय होती."

बाबी समुद्राकडेच पाहत होते. "माका तरी खंय होती," ते म्हणाले. आणि मान वळवून, "भरती इली. तुझ्या होडयेत पाणी भरता. हंय ये."

दाजी त्या होडीत गेले. त्यांना धरताना बाबींचा तोल गेला आणि दोघेही माझ्या अंगावर पडले. नकाशा भिजला. त्याबद्दल मला मेमो मिळाला.

साहेबांनी विचारलं, हद्द कायम झाली? मी म्हणालो, झाली. खूण? मी म्हणालो, वेळू रोवला होता, भरतीने नेला. साहेबांनी अर्ज निकाली काढला. मी मात्र एक गोष्ट शिकलो. मोजायच्या आधी पाहावं, आपल्या मोजणीतली चूक भांडणापेक्षा मोठी तर नाही ना. नोकरीत पुढे हे मला अनेकदा उपयोगी पडलं, आणि एकदाही बढती मिळाली नाही.

दोन वर्षांनी मालवणच्या बाजारात बाबी भेटले. दाजी भाद्रपदात गेल्याचं त्यांनी सांगितलं. मला राहवलं नाही. विचारलं, माडाचं काही ठरलं का शेवटी?

बाबी म्हणाले, कसलं ठरतंय. रोज संध्याकाळी खाडी ओलांडून दाजी यायचे. ते म्हणायचे माड तुझा, मी म्हणायचो तुझा. कोणी मागे हटेना. एकदा तर ते पेज अर्धी टाकून उठून गेले.

"म्हणजे शेवटपर्यंत भांडण मिटूक नाय?"

"नाय," बाबी म्हणाले. "पण ह्या खेपेक बोलत बोलत भांडलंव."